प्रॉक्समॉक्सवरील व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आणि रिस्टोअर: मांडणीपासून रंगीत तालमीपर्यंत

एका पतसंस्थेच्या सर्व्हरची तपासणी करत असताना तेथील व्यवस्थापकांनी मला विचारले, "साहेब, हा सर्व्हर आज रात्री बंद पडला, तर उद्या काउंटर किती वाजता उघडेल?" बॅकअपचे वेळापत्रक लावलेले होते आणि रोजच्या फाइली नेमाने जमतही होत्या. तरीही या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण त्या फाइलींतून एकही मशीन कधी परत उभे करून पाहिलेले नव्हते. तो प्रश्न घड्याळाकडे बोट दाखवून सोडवता यावा, यासाठी काय काय करावे लागते ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट घेतले आहे. व्हिएन्नामधील एका कंपनीने २००८ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली डेबियन लिनक्सवर उभी आहे. केव्हीएमच्या आधारे ती पूर्ण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालवते, तर एलएक्ससीच्या आधारे कंटेनर, म्हणजे त्या यंत्राच्याच लिनक्सचा गाभा वापरणारी हलकी मशीन, चालवते. परवान्यासाठी पैसे मोजल्याशिवाय तिच्या सर्व सोयी वापरता येत असल्यामुळे मर्यादित खर्चात काम भागवणाऱ्या संस्थांना ती सोयीची पडते.

स्नॅपशॉटवर विसंबू नये

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मशीनच्या पानावर 'स्नॅपशॉट' नावाचे, मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारे बटण दिसते, ते दाबले की क्षणात काम होते, आणि अनेक जण त्यालाच बॅकअप समजून निर्धास्त राहतात. स्नॅपशॉट मूळ डिस्क ज्या स्टोरेजवर आहे तेथेच राहतो आणि त्या डिस्कच्याच ब्लॉक्सवर (साठ्याच्या लहान तुकड्यांवर) अवलंबून असतो, त्यामुळे डिस्क उडाली की तोही तिच्याबरोबर जातो. विंडोजचे अपडेट करण्यापूर्वी किंवा एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी तासाभरासाठी तो घ्यावा, काम नीट झाल्याची खात्री पटली की काढून टाकावा. बॅकअपच्या फाइलीत हे स्नॅपशॉट जात नाहीत. तेथे केवळ त्या वेळची डिस्क आणि मशीनची मांडणी जाते, हेही ध्यानात ठेवावे.

आधी कागदावर

सर्व्हरवर कोणकोणती मशीन आहेत याची यादी करून प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: किती वेळाचे काम पुन्हा करणे परवडेल, आणि किती वेळ मशीन बंद राहिलेले चालेल. हिशेबाच्या मशीनमध्ये दिवसभराच्या नोंदी पुन्हा करणे म्हणजे पावत्यांचे गठ्ठे उलगडून बसणे, तेव्हा त्याचा बॅकअप दुपारी आणि रात्री असा दोनदा घ्यावा. हजेरीच्या किंवा छपाईच्या मशीनला रात्रीचा एक बॅकअप पुरतो. या दोन रकान्यांतील उत्तरे संगणक पाहणाऱ्याने परस्पर ठरवू नयेत, ज्यांचे काम अडणार आहे त्यांच्याकडून घ्यावीत.

त्याच कागदावर आकारमानाचे गणितही करावे. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट वाहतात, म्हणजे ५०० गिगाबाइटची भरलेली डिस्क परत आणायला, समोरच्या डिस्का तेवढ्या वेगाने वाचता-लिहिता येत असतील तर, सव्वा तास लागतो. "मशीन अर्ध्या तासात चालू हवे" असे दुसऱ्या रकान्यात लिहिले असेल, तर ही मांडणी त्याला पुरी पडणार नाही, हे संकटाच्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

बॅकअप ठेवायचा कुठे

प्रॉक्समॉक्स नव्याने बसवल्यावर 'लोकल' नावाचे स्टोरेज तयार असते आणि बॅकअप तेथे ठेवण्याची मुभाही असते. मात्र ते होस्टच्या, म्हणजे ही सगळी मशीन चालवणाऱ्या यंत्राच्या, स्वतःच्याच डिस्कवर असते. पहिल्या दिवशी चाचणीसाठी तेथे घेतलेला बॅकअप पुढे तेथेच घेतला जात राहतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता तपासणीची सुरुवात मी तेथूनच करतो. बॅकअपसाठी वेगळे यंत्र हवे. एनएफएस किंवा एसएमबी या फाइल वाटून घेण्याच्या पद्धतींनी जोडता येणारा नॅस (नेटवर्कवरील साठवणीचे यंत्र) चालेल, मोठ्या डिस्का बसवलेला जुना संगणकही चालेल. ब्राउझरमधून ८००६ या पोर्टवर व्यवस्थापनाचे पान उघडावे, 'डेटासेंटर'खालच्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन नॅसचा पत्ता, शेअरचे नाव आणि त्यावर काय ठेवायचे ते भरावे. काय ठेवायचे या यादीत फक्त बॅकअप निवडावा, म्हणजे चालत्या मशीनच्या डिस्का चुकून तेथे जाणार नाहीत.

बाहेरून जोडलेली यूएसबी डिस्क वापरायची असेल, तर एक खबरदारी घेतल्याशिवाय वापरू नये. एका कार्यालयात दिवाळीच्या साफसफाईत अशा डिस्कची वायर सैल झाली. डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जात होती तो फोल्डर मात्र जागेवर होता, म्हणून रात्रीचा बॅकअप कोणतीही तक्रार न करता त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजेच होस्टच्या मुख्य डिस्कवर लिहिला गेला. तिसऱ्या रात्री ती डिस्क भरली आणि सकाळी व्यवस्थापनाचे पान उघडेना. कोणीतरी वायर घट्ट करून डिस्क परत जोडली, तेव्हा घोळ आणखी वाढला: मुख्य डिस्क भरलेली दिसत होती, पण ती कशाने भरली ते सापडत नव्हते, कारण त्या फाइली आता जोडलेल्या डिस्कच्या खाली झाकल्या गेल्या होत्या. डिस्क पुन्हा सोडवली, फोल्डर उघडला, तेव्हा तीन रात्रींच्या फाइली तेथे पडलेल्या दिसल्या. हे टाळण्यासाठी स्टोरेजच्या मांडणीच्या फाइलीत त्या स्टोरेजपुढे 'इज माउंटपॉइंट' हा पर्याय 'येस' करून ठेवावा. मग डिस्क जोडलेली नसेल तर प्रॉक्समॉक्स ते स्टोरेज बंद आहे असे मानते, बॅकअप अपयशी ठरतो आणि अपयशाची सूचना येते. अशा ठिकाणी अपयशाची सूचना येणे हेच आपल्याला हवे असते.

वेगळे यंत्र त्याच खोलीत, त्याच वीजजोडणीवर असेल तर काम अर्धेच झाले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या आवारातील एक डेटासेंटर आगीत जळून गेले, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांच्याकडे परत आणण्यासारखे काही उरले नाही. लहान संस्थेने दुसऱ्या शाखेत, पदाधिकाऱ्याच्या घरी किंवा भाड्याच्या सर्व्हरवर एक प्रत ठेवावी. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरणाऱ्या गावांत तर ही प्रत आधी करावी आणि बाकीचे मग पाहावे.

मशीनच्या आतली तयारी

चालू मशीनचा बॅकअप घेताना आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची कल्पना नसेल, तर परत आणलेल्या मशीनची स्थिती अचानक वीज गेल्यासारखी असते. बहुतेक वेळा ते उठते, पण 'बहुतेक वेळा'वर हिशेबाचे मशीन सोडून देऊ नये. यासाठी क्यूईएमयू गेस्ट एजंट नावाचा छोटा प्रोग्राम मशीनच्या आत बसवावा. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो नेहमीच्या पॅकेजांत मिळतो, तर विंडोजसाठी व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओ फाइलीत त्याचा इन्स्टॉलर असतो. त्यानंतर मशीनच्या 'ऑप्शन्स' पानावर गेस्ट एजंट चालू करावा आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. आतून नुसते रीस्टार्ट करून हा बदल लागू होत नाही, आणि बरेच जण येथेच अडतात. 'समरी' पानावर मशीनचे आयपी पत्ते दिसू लागले की एजंट बोलू लागला असे समजावे.

आता बॅकअप सुरू होताना एजंट आतली फाइलसिस्टिम क्षणभर गोठवतो आणि लगेच मोकळी करतो. विंडोजमध्ये हे काम शॅडो कॉपी सेवेमार्फत होते. तरीही लिनक्सवरील डेटाबेससाठी मी एवढ्यावर थांबत नाही. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसचा स्वतंत्र डम्प (सगळ्या नोंदी उतरवलेली फाइल) रात्रीच्या बॅकअपच्या आधी मशीनच्या आतच काढून ठेवावा, म्हणजे तो डिस्कबरोबर बॅकअपमध्ये जातो आणि एकच तक्ता परत हवा असेल तेव्हा अख्खे मशीन उभे करण्याची वेळ येत नाही.

मशीनच्या 'हार्डवेअर' पानावर प्रत्येक डिस्क उघडून 'बॅकअप' या चौकटीत खूण आहे ना, तेही एकदा पाहावे. खूण काढलेली डिस्क बॅकअपमधून गुपचूप वगळली जाते. कंटेनरच्या बाबतीत, होस्टवरचा एखादा फोल्डर आत जोडलेला असेल तर तो बॅकअपमध्ये येत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

जॉब लावणे

'डेटासेंटर'खालच्या 'बॅकअप' पानावर नवा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, तयार करावा. कोणती मशीन घ्यायची या प्रश्नाला एकेक निवडण्याऐवजी 'ऑल' हा पर्याय द्यावा आणि नको असलेली तेवढी वगळावीत. उद्या कोणी नवे मशीन उभे केले, तर ते यादीत घालायचे राहून गेले असे होत नाही.

पद्धतीचे तीन पर्याय दिसतील. 'स्टॉप' पद्धतीत मशीन रीतसर बंद होते, बॅकअप सुरू झाला की ते पुन्हा चालू होते, आणि उरलेला बॅकअप मागे चालत राहतो. सुसंगततेची सर्वाधिक खात्री येथे मिळते, पण थोडा वेळ मशीन बंद पडते. 'सस्पेंड' आता जुन्या मांडण्यांपुरता उरला आहे. नेहमीसाठी 'स्नॅपशॉट' निवडावा. नाव तेच असले तरी वर सांगितलेल्या स्नॅपशॉटशी याची गल्लत करू नये. येथे मशीन चालू असतानाच डिस्क वाचली जाते. अजून वाचून न झालेल्या ब्लॉकवर मशीनने काही लिहायचे ठरवले, तर आधी त्या ब्लॉकची जुनी प्रत बॅकअपमध्ये जाते आणि मगच नवे लिहिले जाते. त्यामुळे बॅकअप दोन तास चालला तरी त्यात सुरुवातीच्या क्षणाचेच चित्र असते. याचीच दुसरी बाजू अशी की, नॅस संथ असेल तर मशीनचे लिहिणेही त्याच्या गतीने रखडते. "दुपारी बॅकअपच्या वेळी सॉफ्टवेअर अडकते" ही तक्रार बहुधा यातूनच येते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून 'फ्लीसिंग' नावाची सोय आहे. ती चालू केल्यास हे जुने ब्लॉक आधी होस्टवरच्या वेगवान डिस्कवर ठेवले जातात आणि सवडीने नॅसकडे जातात.

कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे फाइल दाबून लहान करण्यासाठी, झेडएसटीडी ही पद्धत निवडावी. वेळ ठरवताना कार्यालयाची रीतही पाहावी. रात्री शेवटचा माणूस मेन स्विच बंद करून जात असेल, तर पहाटे दोनचा जॉब कधीच चालणार नाही. अशा ठिकाणी संध्याकाळी सातची वेळ द्यावी आणि 'रिपीट मिस्ड' या चौकटीत खूण करावी, म्हणजे चुकलेला जॉब सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर चालवला जातो.

किती बॅकअप ठेवायचे ते 'रिटेन्शन'मध्ये भरावे. दररोजचे ७, साप्ताहिक ४ आणि मासिक १२ ही सुरुवात बऱ्याच ठिकाणी चालते. काहीच न भरता सर्व ठेवण्याचा पर्याय राहू दिला, तर एके दिवशी जागा संपून नवे बॅकअप थांबतात. ३१ मार्चला कामकाज संपल्यावर घेतलेल्या बॅकअपवर मात्र 'प्रोटेक्टेड' ही खूण करावी. ती असेपर्यंत तो जुने बॅकअप पुसणाऱ्या छाटणीत जात नाही, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी वर्षअखेरची स्थिती जशीच्या तशी हाताशी राहते.

सूचनांचा ईमेल पत्ता भरून झाल्यावर एक जॉब मुद्दाम अपयशी करून पाहावा. नॅसची नेटवर्क वायर काढली तरी पुरे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला. त्यांचा रोजचा डम्प आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच अपयशी ठरत होता, पण त्याच्या सूचनांचे ईमेल पाठवणाऱ्याच्या पडताळणीत अडकून नाकारले जात होते, म्हणून ते कोणाला कळलेच नाही. सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर त्यांचे निभावले. जे त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केले, ते वाचल्यापासून "ईमेल आला नाही म्हणजे सर्व ठीक" असे मी कधीही धरत नाही. यश मिळाल्याचाही ईमेल यावा आणि तो न आल्यास कोणीतरी विचारणा करावी, अशी व्यवस्था लावतो.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर

आतापर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक रात्री पूर्ण मशीनची नवी फाइल तयार होते. मशीन चार-पाचपेक्षा जास्त असतील, तर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेला प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या यंत्रावर बसवावा. तो डिस्कचे ४ मेगाबाइटचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून ओळख देतो आणि तीच ओळख आधीपासून असेल तर तुकडा पुन्हा साठवत नाही. मशीन सलग चालू असेल तर कोणते ब्लॉक बदलले याची नोंद मशीन चालवणारी क्यूईएमयू प्रणाली स्वतःच ठेवते आणि दुसऱ्या रात्री तेवढेच वाचते. मशीन बंद करून सुरू केले की ही नोंद पुसली जाते आणि एकदा सगळी डिस्क वाचावी लागते. तो एक बॅकअप जास्त वेळ घेईल. घाबरण्याचे कारण नाही.

जुने बॅकअप छाटले तरी जागा लगेच मोकळी होत नाही. छाटणीत केवळ अनुक्रमणिका जाते, आणि कोणालाच नको असलेले तुकडे 'गार्बेज कलेक्शन' चालल्यावर जातात. तेही २४ तास ५ मिनिटांत वापरल्या गेलेल्या तुकड्यांना हात लावत नाही. डिस्क भरत आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही, म्हणून हे काम रोज आणि तुकड्यांची पडताळणी करणारा 'व्हेरिफाय' जॉब आठवड्याला लावून ठेवावा.

या सर्व्हरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण अधिकारांच्या वाटणीत आहे. प्रॉक्समॉक्स होस्टला जोडणीसाठी मुख्य पासवर्ड न देता एपीआय टोकन, म्हणजे मर्यादित अधिकारांची वेगळी किल्ली, द्यावे आणि त्याला 'डेटास्टोअर बॅकअप' एवढीच भूमिका द्यावी. या भूमिकेला बॅकअप घेता येतो, आपला परत आणता येतो, पण जुने छाटता येत नाहीत. छाटणी बॅकअप सर्व्हर स्वतः करतो. खंडणीखोर व्हायरसने होस्टचा ताबा घेतला, तरी त्या टोकनाने मागचे बॅकअप पुसता येत नाहीत. दुसऱ्या शाखेतील बॅकअप सर्व्हरने 'सिंक' जॉबने ते आपल्याकडे ओढून घ्यावेत, म्हणजे पहिल्या सर्व्हरकडे दुसऱ्याची किल्लीच असणार नाही.

एन्क्रिप्शन, म्हणजे बॅकअप कुलूपबंद करण्याची सोय, वापरली तर तिची किल्ली होस्टवर तयार होते. होस्ट गेला की किल्लीही जाते, आणि मग बॅकअप शाबूत असूनही उघडत नाही. ती छापून काढण्याची सोय दिलेली आहे. छापील कागद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा.

होस्टची स्वतःची मांडणी, म्हणजे नेटवर्कची फाइल, स्टोरेजची यादी, जॉब आणि फायरवॉलचे नियम, मशीनच्या बॅकअपमध्ये नसते. 'ईटीसी' फोल्डरातील 'पीव्हीई' फोल्डर आणि नेटवर्कची फाइल यांची प्रत दर आठवड्याला दुसरीकडे जावी.

परत उभे करणे

रिस्टोअरचे दोन रस्ते आहेत आणि त्यांतील एक धोक्याचा आहे. मशीनच्या स्वतःच्या 'बॅकअप' पानावरून रिस्टोअर केले, तर त्या मशीनच्या आताच्या डिस्का पुसून त्या जागी बॅकअपमधील येतात. डाव्या यादीतून स्टोरेज निवडून तेथील बॅकअपवरून रिस्टोअर केले, तर मशीनचा क्रमांक विचारला जातो आणि नवा क्रमांक देता येतो. जुने मशीन कितीही बिघडलेले वाटले, तरी जागा असेपर्यंत नव्या क्रमांकावरच परत आणावे. बिघडलेल्या डिस्कमध्ये आज सकाळच्या नोंदी असतात, त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये नसतात.

नव्या क्रमांकावर आणताना 'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर'ची खूण काढावी. जुने मशीन अजून चालू असेल, तर 'युनिक'वर खूण करावी, म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्याची जाळ्यातील ओळख) बदलतो. मशीन तयार झाल्यावर 'हार्डवेअर'मध्ये नेटवर्क कार्ड उघडून 'डिस्कनेक्ट' करावे आणि मगच ते सुरू करावे, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन जाळ्यात येतात. मॅक पत्ता बदललेल्या उबुंटू मशीनमध्ये कधीकधी नेटवर्क उठत नाही, कारण क्लाउड-इनिट या पहिल्या मांडणीच्या प्रोग्रामने तयार केलेल्या नेटप्लॅनच्या (नेटवर्कच्या मांडणीच्या) फाइलीत जुना मॅक पत्ता लिहिलेला असतो. तेथे तो बदलावा. मूळ मशीन कायमचे गेले असेल, तर 'युनिक' न वापरणेच बरे.

एखादीच फाइल हवी असेल तर बॅकअप सर्व्हरवरील बॅकअप निवडून 'फाइल रिस्टोअर' उघडावे आणि फोल्डर धुंडाळून ती उतरवून घ्यावी. बॅकअप सर्व्हरवरून 'लाइव्ह रिस्टोअर'ही करता येते: मशीन ताबडतोब सुरू होते आणि डिस्क मागून भरत राहते. मात्र ते मध्येच अपयशी ठरले, तर तोवर त्या मशीनमध्ये झालेले काम हाती लागेल असे धरता येत नाही. म्हणून फक्त वाचायच्या कामाच्या मशीनसाठी मी ते वापरतो, नोंदी होणाऱ्या मशीनसाठी नाही.

रंगीत तालीम

दर तीन महिन्यांनी एक मशीन निवडून ते नव्या क्रमांकावर, नेटवर्क तोडून, परत आणावे. लॉगिनचा पडदा दिसला म्हणजे तालीम संपली असे नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडावे, बॅकअपच्या आदल्या दिवशीची शेवटची पावती शोधावी आणि तिचा क्रमांक कागदावरच्या पावतीशी जुळवावा. हे काम तेथील कारकुनाकडून करून घ्यावे, कारण आकडा खटकतो तो त्यांना. सुरुवातीची आणि पावती जुळल्याची वेळ वहीत लिहावी. त्या पतसंस्थेत पहिल्या तालमीला तीन तास लागले आणि त्यांतला पाऊण तास विंडोजच्या प्रशासकाचा पासवर्ड शोधण्यात गेला. तो बदलला होता, पण लिहून ठेवलेला नव्हता. दुसऱ्या तालमीला पावणेदोन तास लागले. व्यवस्थापकांना आम्ही तो आकडा सांगितला आणि त्यांनी तो आपल्या डायरीत लिहून घेतला.

वर्षातून एकदा तालीम मोकळ्या यंत्रावर करावी: नवे प्रॉक्समॉक्स बसवायचे, स्टोरेज जोडायचे, तिजोरीतील पाकीट उघडून किल्ली टाकायची आणि तेथून मशीन उभे करायचे. अशा वेळी क्रमही ठरलेला असावा. डीएनएस (नावांवरून आयपी पत्ते सांगणारी सेवा) आणि लॉगिन सांभाळणारे मशीन आधी, त्यानंतर डेटाबेस, आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअर शेवटी.

खऱ्या प्रसंगानंतर एक काम हमखास राहून जाते. नव्या क्रमांकावर उभे राहिलेले मशीन, जॉबमध्ये मशीन एकेक निवडलेली असतील तर, त्यात आपोआप येत नाही. म्हणून काम सुरू झाल्यावर त्याच संध्याकाळी जॉब उघडून नवा क्रमांक त्यात आहे का ते पाहावे, 'बॅकअप नाऊ' दाबून पहिला बॅकअप हाताने घ्यावा, आणि तो पूर्ण झाल्याचा ईमेल आल्यावरच जुन्या बिघडलेल्या मशीनच्या डिस्का काढण्याचा विचार करावा.